पितळी एलईडी दिवे समुद्राच्या तोंडावर : एका उन्हाळ्यानंतर आणि एका पावसाळ्यानंतर

दापोली तालुक्यातल्या अंजर्ल्यात आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. मध्ये सुरूची रांग, ती ओलांडली की पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. घराशेजारच्या चार खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. गेल्या दिवाळीनंतर आम्ही घराबाहेरचे सगळे दिवे बदलले आणि कोल्हापूरकडच्या एका छोट्या, घरच्याच माणसांनी चालवलेल्या कारखान्याचे पितळी एलईडी दिवे बसवले. पुळणीकडची भिंत, पडवी, खळं, विहीर, वाडीत उतरणारी पाखाडी म्हणजे पायऱ्यांची वाट, सगळीकडे तेच. एक उन्हाळा आणि अख्खा पावसाळा त्यांच्यावरून गेल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण समुद्रकाठी पहिल्या महिन्यात कुठलीही वस्तू चांगलीच वाटते. कारखान्याचं नाव देत नाही, उगाच जाहिरात केल्यासारखं होईल. शिवाय किनाऱ्यावर राहणाऱ्याला दिवा कसा पारखायचा हे कळलं तर ते जास्त उपयोगी पडेल.

निकाल आधीच सांगते. दिवे चांगले आहेत, महाग आहेत. त्यांच्यात दोन खोडी निघाल्या आणि दोन्ही घरच्या घरी दुरुस्त झाल्या. या दुरुस्तीसाठीच मी एवढं लिहायला बसले आहे.

खाऱ्या हवेत दिव्याचं नेमकं काय होतं ते आधी सांगायला हवं. बाजारातलं बाहेरच्या दिव्याचं फिटिंग बहुधा अ‍ॅल्युमिनियमचं असतं, वरून पावडर कोटिंग, आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. ऐकायला दोन्ही धातू न गंजणारे. पण वेगवेगळे दोन धातू एकमेकांना टेकलेले असले आणि मध्ये खारट ओल शिरली, की तिथे एक लहानसा विद्युतघट तयार होतो आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं. स्क्रूभोवती आधी रंगाला फोड येतात. फोड नखाने उकलला की आत पांढरी भुकटी. मग आटे धरत नाहीत, झाकण सैल होतं आणि पहिल्याच तिरप्या सरीला पाणी आत. खोक्यावर आयपी 65 लिहिलेलं असतं. त्यातला 6 म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि 5 म्हणजे पाण्याचा झोत मारला तरी चालेल. हे खरंच असतं, पण ती परीक्षा नव्या दिव्याची असते आणि साध्या पाण्याने घेतलेली असते. दोन वर्षं मीठ खाल्लेल्या दिव्याबद्दल तो आकडा काही बोलत नाही.

दुसरी गोष्ट आतली. एलईडी गेला असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा एलईडीचे दाणे शाबूत असतात, गेलेला असतो ड्रायव्हर. म्हणजे घरातला एसी प्रवाह दाण्यांना लागेल तसा करून देणारं छोटं सर्किट. त्यातला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेला फार कच्चा. ढोबळ हिशेब असा की त्याचं तापमान 10 अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. खोक्यावरचे 25,000 तास रोजच्या सहा तासांनी मोजले तर अकरा वर्षं भरतात, पण बंद डबीत भाजणारा, त्यातून मे महिन्यात 170 व्होल्टवर आणि रात्री 250 वर नाचणारा ड्रायव्हर एवढा टिकत नाही. आणि ही डबी चिकटवून बंद केलेली असते. पन्नास-शंभर रुपयांचा भाग गेला म्हणून काच, धातू, दाणे सगळंच फेकायचं. आमच्या मांगरात अशा मेलेल्या दिव्यांनी भरलेलं एक पिंप होतं. भंगारवाला त्यातलं अ‍ॅल्युमिनियम तोडून न्यायचा आणि बाकीचं तिथेच टाकून जायचा. ते वाडीच्या कडेला, ज्या मातीत आपली सुपारी उभी आहे तिथेच पडून राहणार, हे मला सहन होईना.

घरातल्या खोल्यांसाठी मी आजही साधा 9 वॉटचा बल्बच घेते. 2015 च्या जानेवारीत उजाला योजना आली, त्यानंतर हे बल्ब इतके स्वस्त झाले की खेड्यापाड्यातला 60 वॉटचा पिवळा बल्ब बघता बघता दिसेनासा झाला, आणि ही फार मोठी गोष्ट झाली. जुना बल्ब खाल्लेल्या विजेतला पाचेक टक्केच भाग उजेडाला लावायचा, बाकीची नुसती उष्णता. त्यामुळे घरात बल्ब ठीकच आहे. माझं म्हणणं बाहेरच्या दिव्यांपुरतं आहे.

आता कारखान्याबद्दल. तिसरी पिढी सध्या तो चालवते आहे, आणि फोनवर जी बोलते ती आजोबांची नात. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली, माझ्यापेक्षा बरीच लहान, मला ताई म्हणते. घराण्याची हकिकत तिच्याकडूनच तुकड्यातुकड्याने कळली. आजोबा कंदिलाचे बर्नर आणि स्टोव्हचे भाग दुरुस्त करायचे. गावोगाव वीज पोहोचली तेव्हा त्यांनी ट्यूबलाइटच्या पट्ट्या आणि तांब्याचे चोक करायला घेतले. आठवत असेल तो चोक, जड, काळ्या डांबरात बुडवलेला, संध्याकाळी गुणगुणणारा. 40 वॉटच्या ट्यूबमागे दहा-बारा वॉट तो एकटाच खायचा. पण जळला तर टाकून द्यायचा नसे. गिऱ्हाईक तो परत आणायचं, आजोबा तार उलगडून नव्याने गुंडाळून द्यायचे, आणि जुनं तांबं वजनावर हिशेबात धरलं जायचं. मग इलेक्ट्रॉनिक चोक आले, पाठोपाठ सीएफएल आले आणि दुरुस्तीचा धंदा बसला. सीएफएल गेला की गेला, त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही, वर फुटला तर आतला पारा. तिच्या वडिलांनी ती काही वर्षं दुसऱ्यांच्या पट्ट्या रंगवून देत काढली. एलईडी आल्यावर त्यांनी ठरवलं की करायचा तर उघडणारा दिवा करायचा.

हे ऐकताना मला आमच्या माळ्यावरचा कंदील आठवत होता. सासऱ्यांच्या वडिलांनी घेतलेला, प्रभाकर कंदील. तो ओगल्यांचा. लोकमान्यांच्या काळात स्वदेशीच्या जोरावर तळेगावला 1908 साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, आणि 1916 मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत, कऱ्हाडजवळ, ओगले बंधूंनी आपला कारखाना उभारला. त्या जागेचं नावच ओगलेवाडी पडलं. कोकणातल्या कितीतरी घरांत त्यांचा कंदील होता. कारखाना पुढे बंद झाला, पण 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्या डोक्यावरून गेलं, नारळ-सुपाऱ्या आडव्या झाल्या, खांब मोडले, कित्येक आठवडे लाइट नव्हती, तेव्हा माळ्यावरून तो कंदील खाली उतरला. काच पुसली, दुकानातून नवी वात आणली, घरात उरलेलं थोडं रॉकेल घातलं आणि तो पेटला. याचं कारण सरळ आहे. काच, वात, बर्नर, टाकी, सगळं सुटं होतं आणि एकेक भाग वेगळा मिळत होता. पर्यावरणाचा विचार वगैरे कोणी तेव्हा त्या शब्दांत केला नसेल. वस्तू घेणाऱ्याच्या खिशाचा केला होता, आणि तो आज दोन्हीकडे लागू पडतो.

तर हे दिवे. जहाजावर असतात तसे गोल, जाड काचेचे, वर जाळी. हर्णै बंदरातल्या जुन्या नौकांवर तसले पाहिले असतील. बॉडी ओतीव पितळेची, स्क्रूही पितळेचेच, म्हणजे वर सांगितलेला दोन धातूंचा झगडा नाही. काच खरी काच आहे. पॉलिकार्बोनेट उन्हाने पिवळं पडतं, ही पडत नाही. आत एलईडीची प्लेट दोन स्क्रूंवर बसवलेली आणि ड्रायव्हर वेगळ्या कप्प्यात, प्लेटच्या उष्णतेपासून दूर. ड्रायव्हरच्या सर्किटवर लाखेसारखा पारदर्शक थर दिलेला आहे, खारी ओल बसू नये म्हणून. जोडण्या सगळ्या खटक्याच्या, डाग देऊन पक्क्या केलेल्या नाहीत. वायर आत घ्यायचं भोक खालच्या बाजूला, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी आत न जाता खाली गळतं. बाजूला करंगळीच्या नखाएवढं एक बूच आहे, त्यातून हवा ये-जा करते पण पाणी जात नाही. मला आधी ते फालतू वाटलं होतं. आमच्या वायरमनने समजावलं की दिवा तापला की आतली हवा फुगते, विझल्यावर आकसते आणि बाहेरची दमट हवा आत ओढते. श्वासाची वाट ठेवली नाही तर तो गास्केटमधून, म्हणजे झाकणाच्या सांध्यातल्या रबरी पट्टीतून, ओढून घेतो.

पार्सल उघडलं तर थर्माकोल नव्हता. काथ्या आणि जुने पेपर. सोबत प्रत्येक आकाराचं एक जादा गास्केट, चार जादा स्क्रू आणि सर्किटचा नकाशा छापलेला कागद. तो कागद मात्र नुसता इंग्रजीत होता. महाराष्ट्रातल्या खेड्यातला वायरमन तो वाचणार, तर मराठीत का नाही, हे मी तिला कळवलं. पुढच्या पार्सलमध्ये मराठी आला, हाताने लिहून झेरॉक्स काढलेला, पण आला.

उजेडाच्या रंगाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आमच्या गावात त्याला जास्त महत्त्व आहे. ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात इथे अंडी घालायला येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून वेळासला घरटी राखायला सुरुवात केली, 2006 पासून तिथे कासव महोत्सव भरतो, आणि आमच्या किनाऱ्यावरही घरटी राखली जातात. वाळूतून निघालेलं पिल्लू जास्त उजळ क्षितिजाकडे धावतं. निसर्गात ती बाजू समुद्राची, चांदण्यात पाणी चमकतं म्हणून. किनाऱ्यालगतच्या घराने पांढरा झगमगीत दिवा लावला की पिल्लू उलट जमिनीकडे वळतं. तिथे खेकडे, कावळे आणि कुत्री त्याची वाटच पाहत असतात. म्हणून पुळणीकडच्या भिंतीवर आम्ही अंबर, म्हणजे पिवळसर नारिंगी उजेडाचे दिवे मागवले, 590 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचे, आणि त्यांना वरून पितळी टोपी, जेणेकरून उजेड पायरीवर पडेल, समोर जाणार नाही. लाटांशी उभं राहून घराकडे पाहिलं तर दिवा डोळ्यांत येता कामा नये, अशी अट मी घातली होती. गावातल्या कासवमित्राने रात्री पुळणीवरून पाहिलं आणि एका दिव्याची टोपी आणखी दोन बोटं लांब हवी म्हणाला. कारखान्याने ती तेवढी लांब करून पाठवली, पैसे न घेता.

वाडीकडे आणि पडवीत 2700 केल्विनचे पिवळसर दिवे आहेत. मृगाच्या आधी पंखवाले किडे उठतात तेव्हा पांढऱ्या दिव्याखाली ताट वाढता येत नाही. या दिव्यांवरही येतात, पण फारच कमी. निळसर उजेड त्यांना ओढतो आणि तो यात थोडा असतो. जूनच्या सुरुवातीला पाखाडीचे दिवे आम्ही नऊनंतर पूर्ण बंद ठेवले. त्या दिवसांत वाडीच्या टोकाला काजवे असतात, आणि त्यांचं सगळं बोलणं उजेडात चालतं. दिवा कितीही चांगला असला तरी तेव्हा विझवलेलाच बरा. हा सल्ला कारखान्याने आपणहून दिला. कमी दिवे विकले जातील असा सल्ला देणारा दुकानदार मला याआधी भेटला नव्हता.

तक्रारी पाहुण्यांच्याही आल्या. अंबर उजेडात फोटो पिवळेधमक येतात, आणि त्या उजेडात रंगच कळत नाहीत. लाल साडी आणि हिरवी साडी दोन्ही मातकट दिसतात. मासे साफ करायच्या जागेवर म्हणून मी अंबर दिवा लावलेला नाही, तिथे पडवीचाच दिवा आहे.

वळवाच्या पावसात विजेच्या कडकडाटाने किनाऱ्यावर दरवर्षी किती टीव्ही आणि पंप जातात ते सांगायला नको. इथला जांभा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो, आणि मीठ-कोळशाच्या खड्ड्यात पाणी ओतत राहिलं नाही तर अर्थिंग नावापुरतंच उरतं. कारखान्याने दिव्यांच्या लाइनवर वेगळी एसपीडी, म्हणजे विजेचा झटका अडवणारी डबी बसवायला लावली. आत व्हॅरिस्टर असतो, झटका आला की तो स्वतः खातो आणि जमिनीत सोडतो, पण प्रत्येक झटक्यागणिक थोडा झिजतो. डबीवरची हिरवी खूण गेली की तो बदलायचा. मे महिन्यातल्या एका वादळी संध्याकाळी शेजारच्या घरातला सेट टॉप बॉक्स आणि पाण्याचा पंप गेला. आमच्या डबीची हिरवी खूण गेली, दिवे तसेच राहिले. डबी बदलायला तीनशेच्या आत खर्च आला.

पावसाळ्यात मात्र पहिली खोड निघाली. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यावरच्या, थेट वाऱ्याच्या तोंडच्या दिव्यात आषाढात काचेला आतून दव दिसायला लागलं. फोन केला तर ती म्हणाली, "ताई, दिवा काढून पाठवू नका. मेन बंद करा, चार स्क्रू सोडवा आणि गास्केटचा फोटो पाठवा." फोटो पाहून तिनेच सांगितलं की रबर एका बाजूला फुगलंय. सोबत आलेलं जादा गास्केट बसवलं, पण तेही त्याच मालातलं, महिन्याभरात पुन्हा तेच. मग तिने सिलिकॉनचं पाठवलं. ते आजपर्यंत घट्ट आहे. आता त्या बाजूच्या सगळ्या दिव्यांना तेच लावलं आहे, आणि नव्या दिव्यांत कारखाना सुरुवातीपासून सिलिकॉनच घालतो असं ती म्हणते.

दुसरी खोड जास्त खटकली. श्रावणात एका दिव्याखाली पांढऱ्या भिंतीवर तांबूस ओघळ आला. पितळेला तांबूस गंज येत नाही, म्हणून मी फ्रिजवरचं चुंबक काढून जाळीच्या स्क्रूंना लावलं. दोन स्क्रूंना ते चिकटलं. वरून पितळी मुलामा, आत लोखंड. या वेळी फोनवर तिचे वडील होते. त्यांनी एक शब्दही टाळाटाळ केली नाही. "वहिनी, स्क्रू आम्ही बाहेरून घेतो, त्यात भेसळ निघाली. सगळे बदलून देतो," म्हणाले आणि सगळ्या दिव्यांचे पाठवले. मुलामा दिलेले परत मागवून घेतले, पोस्टाचा खर्च त्यांचा. भरपाई मिळाली, तरी हे तपासून माल बाहेर पडायला हवा होता. कुणी पितळी फिटिंग घेणार असेल तर पैसे देण्याआधी चुंबक लावून बघाच, बॉडीला आणि प्रत्येक स्क्रूलासुद्धा.

पितळ हवेवर काळवंडतं आणि समुद्रावर त्याला हिरवट कळंक चढतो. सासूबाईंना ते बघवेना. समई घासतात तशी त्यांनी आमसुलाच्या पाण्याने पडवीतले दिवे घासून लख्ख केले. दिसायला सुरेख, पण कारखान्याचं म्हणणं वेगळं होतं. तो थरच आतल्या धातूला झाकून ठेवतो, आंबट लावून तो काढला की पितळ पुन्हा नव्याने झिजायला लागतं, शिवाय आंबट पाणी गास्केटच्या फटीत बसतं. आता पंधरवड्याने गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने मीठ पुसायचं, एवढंच. पडवीतला एक दिवा सासूबाईंसाठी ठेवला आहे, दिवाळीला तो त्या घासतात. तो वाऱ्याआड असल्याने त्याला काही झालेलं नाही.

दिवा पर्यावरणाला कमी जड जातो या त्यांच्या दाव्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवलेला नाही. एलईडीचे दाणे परदेशातून येतात, हे त्यांनी विचारल्यावर सरळ सांगितलं. पितळ वितळवायला भट्टी लागते, भट्टीला इंधन लागतं. बॉडी भंगार पितळेतून ओततात, त्याने भार हलका होतो, संपत नाही. ई-कचऱ्याचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत, त्यात ई-कचऱ्याचं रीसायकलिंग करवून घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे, पण दापोलीच्या बाजारात मेलेला दिवा घेऊन गेलं तर तो घ्यायला कोण बसलंय? हा कारखाना आपले गेलेले ड्रायव्हर परत मागवतो, चालणारे भाग काढतो आणि नव्यावर थोडी सूट देतो. आम्ही आतापर्यंत एक पाठवला. त्याला आठ दिवसांत बदली ड्रायव्हर आला, जुनी बॉडी, काच, प्लेट जागेवरच राहिली.

खर्चाचं बोलायचं तर एक दिवा अडीच हजारांच्या आसपास पडतो, बाजारातल्या फिटिंगच्या चौपट तरी. वीज वाचते ती जुन्या सीएफएलच्या तुलनेत, 23 वॉटच्या जागी 7 वॉट. आठ दिवे रोज सहा तास धरले तर महिन्याला तेवीसेक युनिट. तेवढ्याने किंमत लवकर भरून येणार नाही. भरून येईल ती दर दोन वर्षांनी फिटिंग फेकून नवी घ्यायचं थांबल्याने, आणि बॉडी केव्हाही वजनावर विकता येते म्हणून. ज्यांचं घर किनाऱ्यापासून दोन-तीन किलोमीटर आत आहे, त्यांनी एवढं पितळ घ्यायची गरज नाही. त्याच कारखान्याची अ‍ॅल्युमिनियमची, पण उघडणारी आवृत्ती निम्म्या किमतीत मिळते. दापोली गावातल्या माझ्या नणंदेकडे ती आहे आणि व्यवस्थित चालली आहे.

मागवायचे असतील तर पावसाळ्याआधी मागवा. ओतकाम पावसात रखडतं आणि तीन आठवडे सांगून दीड महिना लागतो, हा आमचा अनुभव आहे. दुसऱ्या कुठल्या कारखान्याचे घेत असाल तरी आधी तीन गोष्टी विचारा : ड्रायव्हर सुटा मिळतो का, गास्केट कशाचं आहे, आणि पाच वर्षांनी फोन केला तर उचलणारं माणूस कोण असेल.